स्कॅन 'नॉर्मल' आहे, मग डोके का दुखते?

१७ ऑगस्ट २०१९. लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील कसोटी सामना चालू होता. जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू स्टीव्ह स्मिथच्या कानाखाली, मानेवर आदळला आणि तो खेळपट्टीवर आडवा झाला. त्याला मैदानाबाहेर नेऊन ठरलेल्या सर्व चाचण्या घेण्यात आल्या. त्या चाचण्यांत तो व्यवस्थित उत्तीर्ण झाला, सुमारे पाऊण तासाने पुन्हा फलंदाजीला आला आणि ९२ धावांवर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याचे डोके दुखू लागले, त्याला सुस्त वाटू लागले. त्याला उरलेल्या सामन्यातून काढून घेण्यात आले आणि त्याच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेपासून लागू झालेल्या नियमानुसार कसोटीत आलेला हा पहिला बदली खेळाडू.

डोक्याला मार लागतो, पण कवटी फुटत नाही, रक्त येत नाही. क्षणभर अंधारी येते किंवा येतही नाही. मेंदूला बसलेल्या अशा हादऱ्याला डॉक्टर 'कन्कशन' म्हणतात. बहुतेक जण काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत बरे होतात. काहींची डोकेदुखी, विसराळूपणा, चिडचिड, उजेड सहन न होणे मात्र महिनोन् महिने टिकते. असा एखादा विद्यार्थी आपल्यापैकी पुष्कळांनी वर्गात पाहिला असेल. स्कॅनचा अहवाल 'नॉर्मल' आलेला असतो आणि मुलगा म्हणत असतो, "सर, फळ्याकडे बघितले की डोके ठणकते." अशा वेळी विश्वास कोणावर ठेवायचा, अहवालावर की मुलावर? वैद्यकशास्त्र याच प्रश्नाशी दीडशे वर्षांहून अधिक काळ झगडत आले आहे. त्या झगड्याचा इतिहास आपण थोडक्यात पाहू या.

शरीराचा आजार की मनाचा?

हा वाद सुरू झाला आगगाडीपासून. इंग्लंडमध्ये रेल्वेचे जाळे पसरले तसे अपघातही वाढले. वरवर धडधाकट दिसणारे प्रवासी अपघातानंतर थकवा, निद्रानाश आणि स्मरणाच्या तक्रारी सांगू लागले व कंपन्यांकडे भरपाई मागू लागले. १८६६ साली लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिक्सन यांनी या विषयावर पुस्तक लिहिले. हादऱ्यामुळे मज्जासंस्थेलाच इजा होते, असे त्यांचे म्हणणे होते. हर्बर्ट पेज या दुसऱ्या शल्यचिकित्सकाने १८८३ साली ते खोडून काढले. भीती आणि मनावरील आघात हेच खरे कारण, असा त्याचा दावा. हा पेज एका रेल्वे कंपनीचा सल्लागार शल्यचिकित्सक होता, हेही लक्षात ठेवले पाहिजे. निदानामागे कधी कधी पैशांचा हिशेबही असतो.

पहिल्या महायुद्धात हाच वाद खंदकांत जाऊन पोहोचला. तोफगोळे जवळ फुटल्यानंतर सैनिकांची वाचा जाई, हातपाय थरथरत, आठवण पुसली जाई. १९१५ साली चार्ल्स मायर्स यांनी 'शेल शॉक' हे नाव वैद्यकीय नियतकालिकात छापले. फ्रेडरिक मॉट यांनी मृत सैनिकांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. पण दृश्य पुरावा नसलेल्या सैनिकांची संख्या इतकी वाढली, की १९१७ साली ब्रिटिश सैन्याने हा शब्द वापरण्यावरच बंधने घातली. जखम दिसत नव्हती, म्हणून तिचे नावही नको झाले.

आखाड्याला ठाऊक, पुस्तकाला नाही

१९२८ साली अमेरिकेतील न्यूजर्सीचे रोगनिदानतज्ज्ञ हॅरिसन मार्टलँड यांनी 'पंच ड्रंक' या मथळ्याचा एक लेख लिहिला. घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग लावणाऱ्या कामगार मुलींच्या आजाराचा शोध घेणारे ते हेच मार्टलँड. वर्षानुवर्षे ठोसे खाल्लेले मुष्टियोद्धे अडखळत चालतात, जड जिभेने बोलतात, विसरभोळे होतात. हे सामने पाहणाऱ्यांना आणि भरवणाऱ्यांना चांगलेच ठाऊक होते, वैद्यकाच्या ग्रंथांत मात्र नव्हते.

पण असे किती मुष्टियोद्धे? दोन-चार उदाहरणांवरून याचे उत्तर मिळत नाही. इंग्लंडमध्ये ए. एच. रॉबर्ट्स यांनी ते रीतसर शोधले. १९२९ ते १९५५ या काळात नोंद झालेल्या सोळा हजारांहून अधिक व्यावसायिक मुष्टियोद्ध्यांच्या यादीतून त्यांनी यदृच्छेने नमुना निवडला आणि २२४ जणांना तपासले. १९६९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ३७ जणांत, म्हणजे सुमारे १७ टक्क्यांत, मुष्टियुद्धामुळे झालेल्या मज्जासंस्थेच्या इजेच्या खुणा होत्या. हा आकडा ध्यानात ठेवावा, पुढे त्याची गरज पडणार आहे. १९७३ साली कॉर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी १५ निवृत्त मुष्टियोद्ध्यांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. चेतापेशींत गुंतागुंतीच्या धाग्यांचे गुंते आणि मेंदूच्या मध्यभागातील पातळ पडद्याची दुभंगलेली अवस्था, असे विशिष्ट बदल त्यांना आढळले.

जेली, अंडे आणि मेंदू

ठोसा बसतो जबड्यावर, मग मेंदूत आतवर काय बिघडते? याचे उत्तर एका भौतिकशास्त्रज्ञाने दिले. ऑक्सफर्डचे ए. एच. एस. होलबोर्न यांनी मेणाच्या कवटीत जिलेटिनचा मेंदू बसवला, त्याला झटका दिला आणि आत कुठे ताण येतो ते ध्रुवीकृत प्रकाशात पाहिले. १९४३ साली त्यांनी जो विचार मांडला, तो शाळेतल्या भौतिकशास्त्राने समजण्याजोगा आहे. मेंदू पाण्यासारखा आहे, दाबल्याने त्याचे आकारमान फारसे कमी होत नाही. पण तो अतिशय मऊ आहे, त्यामुळे त्याचा आकार चटकन बदलतो. डोके सरळ रेषेत हलले तर आतील थर एकमेकांवरून फारसे सरकत नाहीत. डोके गर्रकन वळले तर मात्र कवटी पुढे जाते, मेंदू मागे रेंगाळतो आणि त्याचे थर एकमेकांवर घासत सरकतात. अशा कर्तन ताणाने लांब, नाजूक तंतू ओढले जातात. जबड्यावरचा आडवा ठोसा इतका घातक का, ते यावरून कळते.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. एक कच्चे आणि एक उकडलेले अंडे बशीत फिरवा. दोन्ही बोटाने क्षणभर थांबवून लगेच सोडा. उकडलेले अंडे थांबलेलेच राहील, कच्चे पुन्हा फिरू लागेल. कवच थांबले तरी आतील द्रव फिरतच होता. कवटी आणि मेंदू यांच्या गतीत असाच फरक पडतो. मेंदू द्रव नाही, घट्ट लागलेल्या दह्यासारखा आहे, एवढे मात्र विद्यार्थ्यांना सांगायला हवे.

होलबोर्न यांच्या तर्काला पुरावा मिळाला तो सूक्ष्मदर्शकाखाली. १९५६ साली सबिना स्ट्रिच यांनी अपघातानंतर काही महिने जगलेल्या, पण बुद्धी हरपलेल्या पाच रुग्णांचे मेंदू तपासले. कवट्या शाबूत होत्या, मोठ्या गुठळ्या नव्हत्या, पण चेतापेशींना जोडणाऱ्या अक्षतंतूंची, म्हणजे मेंदूतील श्वेतद्रव्याची, सर्वदूर वाताहत झाली होती. १९६८ साली ओपेनहायमर यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. डोक्याला सौम्य मार लागलेल्या, पण नंतर दुसऱ्याच कारणाने मरण पावलेल्या काही व्यक्तींच्या मेंदूंतही त्यांना इजेच्या सूक्ष्म खुणा सापडल्या. म्हणजे 'साधा हादरा'ही कधी कधी खूण ठेवून जातो. अडचण एकच होती. ही खूण पाहायची तर माणूस मरावा लागत होता.

जिवंत मेंदूचे चित्र

राँटजेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले, पण त्यांत हाड दिसे, मेंदू दिसत नसे. १९१९ साली अमेरिकेतील वॉल्टर डँडी यांनी पाठीच्या कण्यातून मेरुद्रव काढून तेथे हवा भरण्याची पद्धत वर्णिली. हवा मेंदूतील पोकळ्यांत चढे आणि क्ष-किरण चित्रात त्या पोकळ्यांचा आकार उमटे. रुग्णाला भयंकर डोकेदुखी आणि ओकाऱ्या होत. तरीही पुढची पन्नासेक वर्षे हा उपाय वापरला गेला. डोकेदुखीचे कारण शोधण्यासाठी डोकेदुखी द्यायची, असा तो प्रकार होता.

१९६२ साली बार्बाडोसमध्ये चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला. कवटीला इजा झाली, तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी त्यांच्यासाठी रक्त दिले आणि कॉन्ट्रॅक्टर वाचले. त्या वेळी कवटी न उघडता आतला रक्तस्राव दाखवणारे सीटी यंत्र जगात कुठेच नव्हते. ते आले १ ऑक्टोबर १९७१ रोजी. लंडनजवळच्या विंबल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू 'कापून' दाखवला, तोही सुरी न लावता. चित्र ८० गुणिले ८० चौकटींचे होते. १९७९ साली हाउन्सफील्ड आणि या गणिताचा पाया घालणारे ॲलन कॉरमॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

सीटीमागची युक्ती एका कोड्यातून समजेल. दोन ओळी आणि दोन स्तंभ अशा चार चौकटी घ्या. आतले आकडे झाकलेले आहेत. ओळींच्या बेरजा ७ आणि ८, स्तंभांच्या ६ आणि ९. आतले आकडे सांगा. ५, २, १, ७ हे उत्तर चालते, पण ४, ३, २, ६ हेही चालते. आता एका कर्णाची, म्हणजे वरचा डावा आणि खालचा उजवा यांची, बेरीज १२ आहे असे सांगितले, की पहिले उत्तर पक्के होते. क्ष-किरणाचा प्रत्येक झोत अशी एक 'बेरीज' देतो. अनेक दिशांनी अनेक बेरजा घेतल्या की आतली प्रत्येक चौकट उलगडते.

सीटीमुळे मेंदूतील रक्तस्राव मिनिटांत कळू लागला आणि असंख्य जीव वाचले. पण तिच्या यशातूनच एक गैरसमज पसरला. अक्षतंतूची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. सीटीच्या एका चौकटीत असे असंख्य तंतू मावतात. त्यांतील काही ताणले गेले, तर चौकटीचा आकडा बदलत नाही. 'नॉर्मल' अहवालाचा अर्थ 'रक्तस्राव किंवा मोठी इजा दिसली नाही' एवढाच असतो. 'काहीच झाले नाही' असा तो नसतो.

पाण्याच्या रेणूंची साक्ष

चुंबकीय अनुस्पंदनावर आधारलेली एमआरआय तपासणी १९७०च्या दशकात विकसित होऊ लागली. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना त्यासाठी २००३ साली नोबेल मिळाले. एमआरआय सीटीपेक्षा अधिक बारकावे दाखवते. ट्रॅक-टीबीआय या अमेरिकी अभ्यासाचा २०१३ साली एक निष्कर्ष आला. डोक्याला सौम्य मार लागलेल्या आणि सीटी नॉर्मल असलेल्या रुग्णांपैकी २७ टक्क्यांच्या एमआरआयमध्ये काही ना काही दोष आढळला. आधीच्या पिढीत हे सारे 'काही नाही' म्हणून घरी गेले असते.

पण तंतूंची अवस्था कशी पाहायची? १९९४ साली पीटर बॅसर, डेनिस ल बिहान आणि सहकाऱ्यांनी विसरण-टेन्सर पद्धत मांडली. पाण्याचे रेणू सतत इकडेतिकडे भरकटत असतात. पेल्यात ते सगळ्या दिशांना सारखेच भरकटतात. पण गवताच्या पेंढीत पाणी झिरपले तर ते काड्यांच्या लांबीच्या दिशेने सहज जाते, आडवे जाताना अडते. श्वेतद्रव्य म्हणजे तंतूंच्या पेंढ्याच. एमआरआय यंत्र पाण्याच्या या भरकटण्याची दिशा मोजते. पेंढी विस्कटली की दिशेचा हा पक्षपात कमी होतो. तंतू दिसत नाहीत, पण पाणी त्यांच्याविषयी साक्ष देते.

२०११ साली या पद्धतीने एक महत्त्वाचा अभ्यास झाला. स्फोटात मेंदूला सौम्य इजा झालेल्या ६३ अमेरिकी सैनिकांची जर्मनीतील लष्करी रुग्णालयात तपासणी झाली. तुलनेसाठी घेतलेले २१ सैनिकही स्फोटात सापडलेले होते, पण त्यांच्या मेंदूला इजा झाल्याचे निदान नव्हते. ६३ पैकी १८ जणांत, केवळ योगायोगाने अपेक्षित असतील त्यापेक्षा जास्त ठिकाणी, श्वेतद्रव्यातील बदल आढळले. मायर्स आणि मॉट यांच्या सैनिकांना जवळजवळ शंभर वर्षांनी हा पुरावा मिळाला, असे म्हणावेसे वाटते. पण उरलेल्या ४५ जणांचे काय? त्यांचे निदान खोटे ठरत नाही. स्कॅन नॉर्मल म्हणजे इजा नाही असे नव्हे, हे संशोधकांनीही बजावले.

मेंदू काम करताना कोठे अधिक ऑक्सिजनयुक्त रक्त जाते, ते दाखवणारी पद्धत सेइजी ओगावा यांनी १९९० साली मांडली. ती वापरून १९९९ साली मॅकॲलिस्टर आणि सहकाऱ्यांनी मार लागून महिना झालेल्या १२ जणांना एक काम दिले. एकामागून एक अक्षरे ऐकायची आणि दोन अक्षरांपूर्वीचेच अक्षर पुन्हा आले तर खूण करायची. उत्तरे त्यांनी निरोगी माणसांइतकीच बरोबर दिली. पण काम कठीण झाले तशी त्यांच्या मेंदूतील हालचाल निरोगी माणसांपेक्षा निराळ्या रीतीने वाढली. शिक्षकांनी यावर थांबून विचार करावा. गुण पूर्वीइतकेच मिळाले, म्हणजे मुलाला कष्टही पूर्वीइतकेच पडले, असे नाही.

चित्रावरही आंधळा विश्वास नको

एवढे वाचून, आता मशीन सारे सांगेल, असे कोणाला वाटेल. तसे नाही. श्वेतद्रव्याच्या अभ्यासांत काही ठिकाणी दिशेचा पक्षपात कमी, तर काही ठिकाणी वाढलेला आढळला. मार लागून किती दिवस झाले, वय किती, यंत्र कोणते, यावर आकडे बदलतात. शिवाय हे फरक बहुधा गटांच्या सरासरीतील आहेत. दहावी 'अ'च्या मुलांची सरासरी उंची 'ब'पेक्षा दोन सेंटिमीटरने जास्त आहे, एवढ्यावरून समोरचा मुलगा कोणत्या तुकडीतला ते सांगता येत नाही.

दुसरा धोका नमुन्याचा. २००२ साली पिट्सबर्गमध्ये डॉ. बेनेट ओमालू यांनी अमेरिकी फुटबॉलपटू माइक वेब्स्टर यांच्या मेंदूत दीर्घकालीन ऱ्हासाच्या खुणा ओळखल्या. पुढे बोस्टनच्या ॲन मॅकी आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली १११ माजी व्यावसायिक खेळाडूंच्या मेंदूंचा अहवाल दिला. ११० मेंदूंत तो रोग होता! मग शंभरातील नव्व्याण्णव खेळाडूंना तो होतो का? नाही. हे मेंदू दान केलेले होते, आणि ज्याच्यात लक्षणे दिसली त्याचेच कुटुंब दानाचा विचार बहुधा करते. संशोधकांनीही ही मर्यादा स्पष्ट सांगितली. रॉबर्ट्स यांचा १७ टक्क्यांचा आकडा येथे आठवावा. खेळ वेगळा आहे, तपासणी वेगळी आहे, त्यामुळे दोन्हींची थेट तुलना होणार नाही. पण यादीतून यदृच्छेने निवडलेला नमुना आणि आपणहून आलेला नमुना यांतील फरक शिकवायला याहून चांगली जोडी मिळणे कठीण.

या रोगात साठणारे 'टाऊ' प्रथिन जिवंतपणी पाहता येईल का? २०१९ साली २६ माजी फुटबॉलपटू आणि ३१ इतर पुरुषांची पीईटी तपासणी प्रसिद्ध झाली. खेळाडूंच्या मेंदूच्या काही भागांत टाऊचे संकेत सरासरीने अधिक होते, पण त्यांचा स्मरण व विचारशक्तीच्या चाचण्यांतील गुणांशी संबंध आढळला नाही. एका व्यक्तीचे निदान त्यावरून करता येत नाही. २०२२ साली ॲमस्टरडॅमला भरलेल्या क्रीडा-कन्कशनविषयक परिषदेनेही या प्रगत तपासण्यांना संशोधनाची साधने म्हटले, रोजच्या निदानाची नव्हे.

मग शाळेत काय करायचे?

कबड्डीत किंवा क्रिकेटमध्ये मुलाच्या डोक्याला मार लागला, तर त्या दिवशी त्याला पुन्हा खेळायला उतरवू नये. लक्षणे उशिरा येऊ शकतात, हे स्मिथच्या उदाहरणात आपण पाहिलेच. डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, झापड येऊ लागली, झटका आला, बोलणे अडखळले किंवा हातपाय लुळे वाटले, तर विलंब न करता रुग्णालयात न्यावे. सीटीचे खरे काम तेथे आहे.

अहवाल नॉर्मल आला तर आनंद मानावा, पण मुलाचे ऐकणे थांबवू नये. पहिले एकदोन दिवस सापेक्ष विश्रांती आणि नंतर हळूहळू वाढवत नेलेला अभ्यास व हालचाल, असा आजचा सल्ला आहे. आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याने फायदा होत नाही. शाळेत परतल्यावर लहान तास, मध्ये थोडी उसंत, काही दिवस परीक्षेतून सूट, एवढे आपल्या हातात आहे. मैदानावर परतायचे ते सगळ्यांत शेवटी, डॉक्टरांना विचारून.

एरिक्सनच्या प्रवाशांपासून आजच्या विद्यार्थ्यापर्यंत तक्रार तीच आहे. तेव्हा पुरावा नव्हता म्हणून माणसाला ढोंगी ठरवले गेले. आज यंत्रे आहेत, पण त्यांची नजर अजून अपुरी आहे. ती तीक्ष्ण होईपर्यंत सर्वांत जुनी तपासणी चालू ठेवावी लागेल. ती म्हणजे समोरच्याला "तुला काय होते आहे?" असे विचारणे, आणि तो सांगेल ते लक्ष देऊन ऐकणे.